आल्बम जुळवणारे जिभाऊ

लग्न ठरवताना लोक पत्रिका जुळवतात. सुरतेत उधन्याला आमच्या चाळीत आल्बम जुळवायचे, आणि ते काम जिभाऊंचं होतं. मुलाकडचा फोटोंचा आल्बम डाव्या मांडीवर, मुलीकडचा उजव्या मांडीवर आणि हातात पितळेची घडीची काच. ही काच खरं म्हणजे कापडाचे धागे मोजायची. जिभाऊ आयुष्यभर लूम दुरुस्त करणारे जॉबर, त्यामुळे ती खिशात कायमची असायची. पण तिच्याखालून कापडापेक्षा माणसंच जास्त गेली. काच फोटोवर टेकवायची, एक डोळा मिटायचा आणि नवरदेवाच्या आजोबांच्या कानात घुसायचं.

"चेहरा काय दखतस? कान दखा, कान!"

त्यांचं म्हणणं असं की, नाकाला वय लागतं, गालाला पगार लागतो, डोक्याला तर टक्कलच लागतं. कान मात्र ज्या घराण्याचे त्याच घराण्याचे राहतात. रस्त्यात नवा माणूस भेटला तरी जिभाऊ त्याच्या डोळ्यांत बघत नसत, कानाकडे बघत. तो बिचारा काहीतरी चिकटलंय असं समजून कान झटकू लागायचा. मग जिभाऊ म्हणायचे, "थांब जरासा. नातं निंघी."

आणि नातं निघायचं! मला धक्का बसायला फारसं काही लागत नाही हे मान्य, पण जिभाऊंच्या शेजारी राहून मी जेवढे धक्के खाल्ले तेवढे बिघडलेल्या स्विचबोर्डानेही कुणाला दिले नसतील. आमच्या कोपऱ्यावर कांतिभाई किराणावाले. अस्सल सुरती माणूस. जिभाऊंनी त्यांच्या घरचा आल्बम मागवला, त्यांच्या आईचं माहेर नवापूरच्या पलीकडचं निघालं, आणि दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना त्यांनी जाहीर केलं, "कांतिभाई, तुम्ही मना भाचा शेतस!" कांतिभाई आधी हसले. पण जिभाऊ दर आठवड्याला जाऊन "कसा शे भाचा?" असं विचारू लागले, तेव्हा त्यांचा निरुपाय झाला. पुढे दर चांदणी पडव्याला, म्हणजे कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, जिभाऊंच्या खोलीत घारी या सुरती मिठाईचा डबा यायला लागला. तो ते चाळभर वाटायचे आणि प्रत्येकाला सांगायचे, "भाचानी धाडेल शे."

चुकायचेही ते. एकदा चाळीतल्या एका लूमवाल्याला त्यांनी कानांवरून आमच्या शिरपूरकडचा ठरवला. तो निघाला ओरिसाचा. मी म्हटलं, "जिभाऊ, तो ओडिया बोलतो!" जिभाऊ काच पुसत म्हणाले, "मंग काय व्हयनं? आपलाकडना कोनी तरी तथा गयेल व्हई."

पण एक प्रसंग असा घडला की त्यानंतर त्यांना कुणी हसलं नाही. पांडेसऱ्याचं एक स्थळ आलं होतं. नवरदेव गोरागोमटा, आल्बम रंगीत, प्लास्टिकच्या पानांचा. सगळे खूष. जिभाऊंनी एका फोटोवर काच टेकवली आणि बराच वेळ उचलली नाही. फोटोत नवरदेव एकटाच बागेत उभा होता, पण फोटो जरा अरुंद वाटत होता.

"भाऊ," जिभाऊ नवरदेवाला म्हणाले, "हाऊ तुमना खांदावर हात कोना शे?"

आम्ही सगळे वाकलो. खांद्यावर चार बोटं होती आणि त्यामागे हिरव्या बांगड्यांचा एक तुकडा. बाकीची बाई कात्रीने कापून टाकलेली! नवरदेवाची आई म्हणाली, बहिणीचा हात आहे. नवरदेवाचा बाप त्याच वेळी म्हणाला, मावशीचा. पाहुणे चहा न पिता उठले. त्यांचे भरलेले कप मीच आत नेले.

तेव्हापासून आल्बम दाखवल्याशिवाय आमच्यात सुपारी फुटेनाशी झाली. जिभाऊंचा मान वाढला, पण ज्यांच्या घरात लग्नाची मुलगी होती त्यांना जिभाऊंचा खोकला ऐकू आला तरी धडकी भरायची. त्या घरांमध्ये आमचंही घर होतं.

माझी बहीण सुनंदा. घरी बसून साड्यांना फॉल लावायची. तिची दोन स्थळं जिभाऊंनी मोडली होती. एकदा दोन्हीकडचं कूळ एक निघालं, आणि दुसऱ्यांदा मुलाचा काका आमच्या काकाचा साडू की कोण निघाला, ते मला अजूनही नीट कळलेलं नाही. दुसऱ्या वेळी सुनंदाने जिभाऊंशी बोलणं सोडलं. ते दारावरून जाताना मुद्दाम म्हणायचे, "सुनंदा, चहा शे का?" आत शिलाई मशीन नुसतं जोरात चालायचं. घरात दूध असो नसो, जिभाऊ विचारल्याशिवाय पुढे जात नसत, आणि मशीन थांबत नसे.

तिसरं स्थळ कडोदऱ्याचं आलं. मुलगा अशोक, तिथल्याच एका कारखान्यात मेकॅनिक. घरात आजोबा, आईबाप, एक आत्या. अशोक आमच्याकडे आला तेव्हा बोलताबोलता त्याने सुनंदाच्या मशीनचा पट्टा बसवून दिला. तो गेल्यावर ती सारखी पायडल मारून बघत होती. सव्वीस वर्षांच्या मुलीने एवढं दाखवलं म्हणजे पुष्कळच झालं. रात्री जेवताना तिने मला बजावलं, "भाई, जिभाऊंना सांग, या वेळी मोढुं बंद राखजो. नाहीतर त्यांच्या तोंडाला मी फॉल लावीन."

जिभाऊ तोंड बंद ठेवणार म्हणजे लूम आवाज न करता चालणार. तरीही मी त्यांना घेऊन कडोदऱ्याला गेलो. कारण तिकडच्यांनीच निरोप दिला होता, की जिभाऊंनी आल्बम पाहिल्यावाचून आम्हीही पुढे जाणार नाही.

अशोकच्या आजोबांना सगळे आबा म्हणत. हातात काठी, पण आवाज खणखणीत. त्यांनी ट्रंकेतून आल्बम काढला. काळ्या जाड पानांचा, फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवलेले. जिभाऊ खुषीत होते. "वा! आल्बम इतला जुना पाहिजे, की वास येवाले पाहिजे." एकेक पान उलटत कान तपासत होते आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, देवा, सगळ्यांचे कान वेगळे असू देत.

एका पानावर काच थांबली.

फोटोत एक तरुण बाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. ठसठशीत कुंकू, नऊवारी, आणि उजव्या कानाची पाळी फाटलेली. मी काचेशिवायच ओळखलं. ही बाई तर आमच्या घरात होती! म्हणजे आमच्या आल्बममध्ये, पहिल्याच पानावर. फोटो वेगळा, पण बाई तीच, कान तोच. आमचे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, तिच्याबद्दल नेहमी म्हणत, "ही वहिनी." नानांच्या कुणा लांबच्या थोरल्या चुलतभावाची बायको असणार, एवढंच आम्ही भावंडं धरून चाललो होतो.

"कोन शे हाई?" जिभाऊंनी विचारलं. मान वर केली नाही.

"मनी मोठी बहीन," आबा म्हणाले. "तरनीताठी मरनी. मांगे तीन वरीसना पोऱ्या ठेवा. दाजीनी दुसरं लगीन कये, आमना भांडन व्हयनं, मी तोंडमातून नको ते बोलनू. मंग त्या गाव सोडीसन कथा गयात, पत्ता लागना नही. त्यासना आडनावना तं गावोगाव मानसे. भाचानी ना शकल माले याद, ना नाव. नुस्ता लाडका म्हनूत त्याले."

मला आनंदाने ओरडायचं होतं. मी तोंड उघडलं, "अहो आबा, ही तर..." आणि जिभाऊंनी आपली टाच माझ्या पावलावर अशी दाबली की पुढचं वाक्य "आई गं" असं झालं. मग त्यांनी आल्बम मिटला, चहा संपवला आणि कधी नव्हे ते काहीही जाहीर न करता उठले. आबा म्हणाले, "मंग जिभाऊ?" जिभाऊ म्हणाले, "सुपारीना दिवस सांगसू."

हायवेपर्यंत मी लंगडतच आलो. मग म्हणालो, "जिभाऊ, पाय मोडलात माझा! अहो, चांगलंच आहे की. त्यांची बहीण आमच्या नानांची वहिनी! जुनं नातं निघालं!"

जिभाऊ थांबले. ट्रकांची धूळ उडत होती. "शऱ्या, तू तुना बापले काय म्हनस?"

"नाना."

"मंग तो तुना नाना शे का?"

हा प्रश्न मला लहानपणापासून छळत आलाय. गुजराती शाळेतल्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "नाना एटले? मम्मीना पप्पा?" गुजरातीत नाना म्हणजे आईचे वडील. मी घरी येऊन रडलो होतो. नानांची धाकटी भावंडं त्यांना नाना म्हणायची, म्हणून आई म्हणायला लागली, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. बाबा असं मी कुणालाच कधी म्हटलेलं नाही.

"घर जे म्हने ते पोऱ्या म्हने," जिभाऊ म्हणाले. "तिना देर तिले वहिनी म्हनेत, मंग हाऊबी वहिनी म्हने. म्हनीसन ती काय त्यानी वहिनी व्हई गई का?"

"म्हणजे?"

"माय शे त्यानी."

मी मैलाच्या दगडावर बसलो. खरंच बसलो. समोरून उधन्याची बस गेली, तिला हात दाखवायचंही भान राहिलं नाही. माझी आजी म्हणजे शिरपूरची पार्वती आजी, जिच्या मांडीवर मी मोठा झालो. नाना तिला "आई" म्हणत. ती सावत्र! आणि जिच्या फोटोवरून आम्ही वर्षानुवर्षं नुसती पानं उलटली ती सख्खी. कुणी लपवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, आणि एका शब्दाने आम्हाला सगळ्यांना बनवलं होतं.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"तुना बाप सुरतमा नवा उना तैं आम्ही एक खोलीमा ऱ्हाऊत. त्याले ताप उना. तापमा वहिनी, वहिनी असा हाका मारे. मानूस तापमा भावजईले हाक मारस का?"

आणि मग मला दुसरा धक्का बसला, आधीच्यापेक्षा मोठा. आमच्यात एक रीत आहे. ज्या घरातून मुलगी आपल्याकडे सून म्हणून आली, त्या घरात आपली मुलगी द्यायची नाही. दिली तर वेल परतला म्हणतात. मांडव घातलेली लग्नं यावर मोडलेली मी पाहिली होती, आणि त्यातली काही तर आता माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसानेच मोडली होती. आबांची बहीण आमची सख्खी आजी. म्हणजे सुनंदाचं लग्न गेलं.

"जिभाऊ," मी म्हणालो, "सांगू नका."

"निंघेल नातं सांगनं पडस," जिभाऊ म्हणाले. घरी येईपर्यंत बसमध्ये त्यांनी कुणाच्या कानाकडेही पाहिलं नाही.

मी घरात कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? नानांना आजवर नसलेला मामा मिळत होता आणि त्याच तोंडाने मुलीचा नवरा जात होता. सुनंदा गाणी गुणगुणत फॉल लावत होती. तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून मी जेवण झालं की बाहेर जाऊन बसायचो.

सुपारीच्या दिवशी कडोदऱ्याची मंडळी आली. आबा सगळ्यांत पुढे, काखेत तो काळ्या पानांचा आल्बम. आमचाही आल्बम आईने पुसून सतरंजीवर ठेवला होता. रिवाजच तसा. आबांनी आमच्या आल्बमकडे हात नेला. पहिल्याच पानावर त्यांची बहीण. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा दोन्ही आल्बम दिसेनात. ते एकावर एक ठेवून जिभाऊ त्यांच्यावर बसले होते, अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखे, धोतर नीट पसरून.

"आते आल्बम दखानी गरज नही," ते म्हणाले. "मी दखी लिधं. नातं निंघनं!"

आत स्वयंपाकघरात ताट पडल्याचा आवाज झाला. अशोकची मान खाली गेली. सगळी खोली जिभाऊंच्या तोंडाकडे बघत होती आणि जिभाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"लांबनं शे," ते म्हणाले. "पार चोपडाकडनं. नानानी मायना मावसभाऊ, त्यानी सासू, तिना पुतन्या. त्या नाताघाई आबा नानाना मामा लागतस."

अशोकची आत्या हुशार होती. तिने लगेच विचारलं, "मंग वेल?"

"अवं बाई, इतला लांब वेल पोचस का? तथलोंग जावामा सुकी जास." थोडे लोक हसले. जिभाऊ हसले नाहीत. ते नानांकडे वळले. "नाना, बठेल काय? मामा शे तुना. पाया पड."

आमचे नाना कमी बोलणारे. कारखान्यात भोंगा आणि घरात रेडिओ, यांच्यामध्ये जेवढं मावेल तेवढंच बोलायचे. ते उठले, धोतर सावरलं आणि आबांच्या पायांवर वाकले. मग ते काय म्हणणार हे मला दिसत होतं, कारण ओठ आधीच तो शब्द करत होते. पार्वती आजीला भाऊ नव्हता, त्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्या त्या माणसाने हा शब्द जन्मात कुणासाठी वापरला नव्हता.

"मामा," नाना म्हणाले.

आबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद देऊन झाला तरी हात काढला नाही. "मनी बहीनना पोऱ्याबी आते इतलाच ऱ्हाता," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. नानाही रडत होते. दोघंही कशासाठी रडताहेत हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं. बाकीच्यांना वाटलं, म्हातारा हळवा आहे आणि नाना मुलीचे बाप आहेत. कुणीतरी सुपारी फोडली, पेढे वाटले गेले, सुनंदाला बाहेर आणून बसवलं.

मी वळून बघितलं तर जिभाऊ जागेवर नव्हते. आल्बमही नव्हते. जिभाऊ मागच्या नळापाशी सापडले. दोन्ही आल्बम दोन्ही काखांत घट्ट धरलेले, आणि तसेच उभे.

"जिभाऊ, तुम्ही खोटं बोललात!" मी म्हणालो. खरं तर मला त्यांचे पाय धरायचे होते, पण तोंडातून निघालं ते हेच. "भर बैठकीत, सगळ्यांसमोर! तुम्ही!"

"हळू बोल," ते म्हणाले.

मग ते नळाच्या कट्ट्यावर टेकले. एवढी वर्षं आम्ही शेजारी, पण ते एकटे का, हे आम्ही विचारलं नव्हतं. बायको वारली असेल असं चाळीने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"मनीबी सुपारी फुटेल व्हती," ते म्हणाले. "मांडवना बांबू येल व्हतात. मंग एक म्हतारी उनी, म्हने, वेल परतस. नातं खरं शे का, मना मायले इचारं, तिनी हो म्हनं. पोरना बापले इचारं, त्यानी हो म्हनं. माले इचारं, मीबी हो म्हनं. ती दारमागे उभी व्हती, सगळं आयके."

आतून नानांचा आवाज आला. ते आबांना मोठ्याने विचारत होते, मामा, आणखी एक पेढा? आणखी एक घ्या ना, मामा.

जिभाऊंनी दोन्ही आल्बम काखेत वर ओढून घेतले.

"तठे एकबी मानूस खोटं बोलना नही, शऱ्या," ते म्हणाले. "एकबी नही."